उसनं नाक

माझ्या नाकाबद्दल आमच्या वडिलांचं मत फार वाईट होतं. "यानं नाक चष्मा ठेवाले शे," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि तेव्हा मला चष्मासुद्धा नव्हता. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सारंगखेड्याजवळ तापीकाठी आमची शेती. थंडीच्या दिवसांत ओल्या लाल मिरचीची पोती ट्रकमध्ये भरून आबा नंदुरबारला विकायला यायचे. पोत्यांवर मी आणि माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी अक्का. मिरचीच्या पोत्यांवर बसून आलेल्या मुलाच्या नाकाकडून आणखी काय अपेक्षा करायची, हा माझा युक्तिवाद कोणी कधी ऐकून घेतला नाही, कारण अक्काही त्याच पोत्यांवर बसून आलेली असायची.

माल विकला गेला की आबा आम्हाला गाव दाखवायला निघायचे. पायी. रिक्षा-टांग्यात बसणं त्यांना आजारी माणसाचं काम वाटे. त्यांचे नियमही होते. एका दुकानी एकच वस्तू घ्यायची, ती उभ्याने खायची आणि पुढे चालू लागायचं. एके ठिकाणी भजी, पुढच्या वळणावर खमण, भडभुंज्याकडे गरम फुटाणे, आणि शेवटी स्टेशनाच्या रस्त्याला जिलेबी. बसून खाल्लं तर पोट भरतं, मग गाव बघायला माणूस उठत नाही, असं ते म्हणत.

मध्येच त्यांना लहर यायची. उपरण्याचा पदर ते अक्काच्या डोळ्यांवर बांधायचे आणि तिचं बोट धरून चार गल्ल्या फिरवायचे. "सांग बरं, कोठे उनूत?" अक्का मान वर करायची, नाकपुड्या फुलवायची आणि सांगायची. तेलघाणी. काथ्याचे दोर विकणारा. तंबाखूवाला. एकदा तर तिने कापडाच्या दुकानांची ओळ ओळखली, कोऱ्या कापडाच्या खळीच्या वासावरून. माझी पाळी आली की मी दर वेळी "जिलेबी" म्हणायचो. कधी ना कधी बरोबर येईलच, असा माझा हिशेब. तो कधीच बरोबर आला नाही, पण माझं उत्तर ऐकून आबा इतके हसायचे की जिलेबी लवकर मिळायची, तेव्हा डाव अगदीच वाया जात नसे.

अक्का लग्न होऊन सुरतेला गेली. तापी लाइनच्या गाडीने सकाळी निघून माणूस जेवणाच्या आत नंदुरबारला उतरतो, म्हणून लांब गेली असं कधी वाटलं नाही. आमच्या आईनंतर घरचा मसाला अक्काच्या हाती आला. मी नोकरीमुळे नंदुरबारलाच राहिलो, धाकटा भाऊ शेतीवर, एक चुलत बहीण ब्राह्मणपुरीला दिलेली. आम्हा सगळ्यांचा वर्षाचा काळा मसाला होळीच्या सुमाराला माझ्या अंगणात, एकाच कढईत भाजला जायचा. ज्याने त्याने आपापल्या वाटणीची मिरची, धने, खोबरं आणायचं आणि भाजायच्या वेळी गप्प बसायचं. कढईपुढे अक्का. ती झाऱ्याकडे बघत नसे, कढईकडेही नसे. मान जराशी तिरकी करून भिंतीकडे बघत बसायची आणि एकदम म्हणायची, "काढ." त्या क्षणी कढई उतरली नाही, तर वर्षभर ऐकून घ्यावं लागे.

मग तो ताप आला. त्या काळात घरोघरी येऊन गेला तसा तिच्याही घरी आला. जीव वाचला, पण वास गेला. तिच्या गल्लीत इतरांचाही गेला होता, त्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला. अक्काचा आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, येईल किंवा येणारही नाही, सांगता येत नाही. हे तर मीही फी न घेता सांगितलं असतं.

त्या वर्षी होळीला ती आली नाही. पुढच्याही नाही. मसाला माझ्या बायकोने आणि धाकट्या भावाच्या बायकोने मिळून भाजला. रंगाला तो काळाकुट्ट झाला आणि चवीला चुलीत पडलेल्या भाकरीसारखा. वर्षभर आम्ही एकमेकांना "बरा झालाय" म्हणत जेवलो. फोनवर अक्काने विचारलं, तेव्हाही सगळ्यांनी बरा झालाय असंच सांगितलं. तिने बरं म्हणून फोन ठेवला. आपल्यावाचून अडलं नाही, हे ऐकून तिला काय वाटलं असेल, याचा विचार आमच्यापैकी एकालाही सुचला नाही.

यंदा फाल्गुन लागल्यावर भाच्याचा फोन आला. आई जेवत नाही, म्हणाला. ताटावर बसते, दोन घास खाते, उठते. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. सुनेने काही विचारलं तर म्हणते, माले काय विचारतीस, मी आते पाव्हनी. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, पण असंच वजन उतरत राहिलं तर अवघड आहे. मी लगेच अक्काला फोन लावला आणि मसाल्याचा म सुद्धा काढला नाही. नुसती ये, म्हटलं, होळीचा बाजार भरलाय, आबांसारखं पायी फिरू.

मनात माझा बेत वेगळा होता. ज्या गल्ल्यांत तिचं नाक तयार झालं, त्याच गल्ल्यांतून तिला फिरवायचं. कुठल्या तरी वळणावर एखादा वास तिला ओळख देईलच, असं मला वाटत होतं. बायकोला बेत सांगितला, तर ती म्हणाली, "आधीच हौस, त्यात पडला पाऊस. बहिणीच्या नावावर भजी खाऊन येशान तुम्ही." तिला माझा स्वभाव माहीत आहे. पण पिशवीत पाण्याची बाटली आणि अक्कासाठी रुमाल तिनेच भरून दिला.

स्टेशनावर अक्का उतरली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलं नाही. पोलक्याच्या बाह्या लोंबत होत्या आणि बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या. मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

आम्ही घरी न जाता सरळ चालायला लागलो. स्टेशनाच्या रस्त्यालाच फाफडा आणि जिलेबी. लांब फाफडे, वर किसलेल्या कच्च्या पपईचा संभार, तळलेली मिरची, शेजारी पातळ कढी. आमच्याकडे सकाळ अशीच उजाडते, अर्धी गुजराती. अक्काने उभ्यानेच एक फाफडा मोडला, चावला, बराच वेळ चावत राहिली.

"मी कापूस चावी ऱ्हायनू असं वाटस," ती म्हणाली.

मी जिलेबी पुढे केली. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि "गोड शे" म्हणाली, डब्यावरची चिठ्ठी वाचावी तसं. बाकीची जिलेबी मी खाल्ली. कागद चाटायची सवय या वयात शोभत नाही, पण ती काही जात नाही.

जुन्या गावात शिरलो. तेलघाणी होती तिथे मोबाइलचं दुकान आहे, हे मला माहीत होतं, रोजचा रस्ता. पण अक्काबरोबर चालताना ते नव्याने दिसलं. दोरवाला नाही, तिथे रबरी चपला आणि प्लॅस्टिकच्या बादल्या. भडभुंज्याची भट्टी आहे, पण ती आता बारीक गॅसवर आणि फुटाणे पाकिटात. मला राग आला. ज्यांच्या भरवशावर मी बहिणीला आणलं होतं, तेच अर्धे पळून गेले होते. अक्का मात्र शांतपणे बघत होती. इथे पायरी उंच होती, इथे आबांची चप्पल तुटली होती, असं मला दाखवत होती. आठवण तिची शाबूत होती. त्या आठवणीत शिरायला वासाचं दार तेवढं उरलं नव्हतं.

भजी घेतली. खमण घेतलं. एका दुकानी एकच, नियम पाळला. तिने प्रत्येक ठिकाणी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. परीक्षेला बसवलेल्या मुलीसारखं तिला वाटत असणार, आणि मी पुढचा पेपर घेऊन उभाच.

पुढे आठवडे बाजार भरला होता. होळीच्या आधीचा बाजार म्हणजे सातपुडा खाली उतरतो. तळोद्याकडून, धडगावकडून जीपगाड्या भरभरून माणसं. साखरेचे हार-कंगन, खजूर, गूळ-डाळ्या, शेवेचे ढीग, कमरेला बांधायचे घुंगरू. एका कोपऱ्यात पहाडातल्या एक बाई मोहाची फुलं घेऊन बसल्या होत्या. मोहाच्या फुलांचा वास माझ्या नाकालाही येतो, म्हणजे तो काय असेल ते समजा. अक्का त्यांच्यापुढे बसली. बाईंनी मूठभर फुलं तिच्या ओंजळीत घातली. अक्काने ओंजळ नाकाशी नेली. डोळे मिटले. बऱ्याच वेळाने तिने फुलं परत टोपलीत ठेवली, एकेक करून, आणि बाईंना म्हणाली की फार चांगली आहेत. त्या खूश झाल्या. अक्का उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

मला वाटलं, आता घरी जावं. पण तीच म्हणाली, पथारी बघून जाऊ.

पथारी म्हणजे मिरची वाळवायची मैदानं, गावाबाहेर. व्यापारी ओली मिरची घेतात आणि तिथे उन्हात पसरतात. पूर्वी गावाला लागून होत्या, आता बऱ्याच लांब गेल्या आहेत, पण अक्काने रिक्षा करू दिली नाही. नजर पोचेल तिथवर जमीन लाल, आणि त्यात तोंडाला फडकी बांधून बसलेल्या बाया, मिरचीचे देठ खुडणाऱ्या. आमच्याकडे एक समज आहे आणि तो आम्ही छातीठोकपणे सांगतो. नंदुरबारच्या माणसाला पथारीवर ठसका लागत नाही. ज्याला लागला, तो पाहुणा. सुरतेला इतकी वर्षं काढूनसुद्धा अक्काला कधी ठसका लागला नव्हता, आणि याचा आबांना मरेपर्यंत अभिमान होता.

वाऱ्याची एक झुळूक आली आणि अक्काला ठसका लागला. साधासुधा नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, वाकून वाकून खोकली. जवळच्या बाया हसायला लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "पाव्हनी शे वाटस."

मला मात्र आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. जे नाक दोन-अडीच वर्षं मेलं होतं, त्याला मिरची लागली होती! मी अक्काला पाणी दिलं, रुमाल दिला, आणि ती तोंड धुवायला नळाकडे गेली तेवढ्यात धाकट्या भावाला फोन लावला. अक्काचं नाक परत आलं, म्हणालो. मग ब्राह्मणपुरीला. मग भाच्याला सुरतेला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. अक्काला एका शब्दाने विचारावं, हे डोक्यात आलंच नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही. ठसका ऐकून एवढी खात्री करून घेणारा माणूस आमच्या गावाबाहेर सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होतोय तोवर धाकटा भाऊ दारात. मागे गाडीत मिरची, धने, खोबऱ्याच्या वाट्या. त्याच्या पाठोपाठ ब्राह्मणपुरीची चुलत बहीण, तिच्या दोन पिशव्या. अंगणात ढीग पडला. चुलत बहिणीने अक्काला मिठी मारली आणि म्हणाली की देवाने ऐकलं, तुझा वास परत दिला.

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही, कारण मला अजूनही काही कळलं नव्हतं.

"ठसका घसाले लागना, नाकले नही," ती म्हणाली. "इतलं बी तुले समजस नही?"

मिरची घशाला झोंबते, डोळ्याला झोंबते. त्याला नाक लागत नाही. नाक गेलेल्या माणसाला पथारीवर आधी कळतच नाही की आपण कुठवर आत आलो, आणि मग एकदम घसा धरतो. तिने हे शांतपणे समजावून सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बायको डोकावून आली आणि हळूच म्हणाली की अक्का पिशवी भरतेय, दुपारची गाडी म्हणतेय.

अंगणात आम्ही चौघं, आणि मध्ये तो मिरचीचा ढीग. धाकटा भाऊ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. चुलत बहीण रडवेली झाली होती. मला तर वाटत होतं, तिला एवढ्या गल्ल्यांतून फिरवून मी तिची उरलीसुरली आशाही पायदळी तुडवली. ती आता सुरतेला जाईल आणि दोन घासांचा एक घास करील.

शेवटी बायकोने गॅसची शेगडी अंगणात ओढली. माल परत न्यायचा तर न्या, नाहीतर मी भाजते, म्हणाली, उन्हात ठेवून तरी काय करायचं. तिने कढई ठेवली आणि धने टाकले. झाऱ्याचा आवाज तेवढा होत राहिला.

थोड्या वेळाने आतून, लोटलेल्या दाराच्या मागून, आवाज आला. "आच कमी कर."

बायकोने आच कमी केली.

"आते तडतड ऐकू येस का? तठे हात थांबाडू नको."

दार उघडलं. अक्का उंबऱ्यात उभी राहिली, पिशवी हातात तशीच. कढईकडे बघत होती. तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, शेगडीपुढे येऊन बसली. आणि मग माझ्याकडे वळली.

"बठ आठे. तुन्हं नाक दे."

मी म्हणालो की माझं नाक काय कामाचं, ते चष्मा ठेवायला आहे, आबांनीच सांगितलंय. हिचं घे, ही रोज स्वयंपाक करते. बायकोनेही मान डोलावली.

"तिले जे व्हवाले पाहिजे तेच वाटस," अक्का म्हणाली. "याले काहीच समजस नही, म्हनीसन हाऊ खरं सांगी."

बायको इतकी हसली की झारा तिच्या हातातून पडला. माझ्या नाकाची एवढी किंमत पूर्वी कोणी केली नव्हती.

मी कढईवर वाकलो. कसला वास येतो, ती विचारायची. मी सांगायचो, धन्याचा. धन्याचा तर येणारच, त्याच्या खाली काय आहे? मी पुन्हा वाकायचो. आधी मला ओल्या गोणपाटाचा वास आला. ती म्हणाली, अजून वेळ आहे, थोड्या वेळाने गंजीचा येईल, उन्हात तापलेल्या कडब्याच्या गंजीचा, तो आला की सांग. आणि खरोखर आला. मी लहानपणी त्या गंजीमागे झोपलेला माणूस आहे. मी ओरडलो, आणि ती म्हणाली, "काढ."

तशी ती एकेक जिन्नस मला सांगत गेली. खोबरं झालं की नव्या लुगड्याची घडी उघडल्यासारखा वास येतो. दगडफुलाचा वास विहिरीच्या आतल्या पायऱ्यांचा. लवंग फुगली की थांबायचं, तिच्या वासाची वाट बघायची नाही. एवढी वर्षं ती भिंतीकडे बघत बसायची तेव्हा हे सगळं तिच्या डोक्यात चालू असायचं, आणि आम्हाला वाटायचं की तिला आपोआप कळतं. बायको आणि चुलत बहीण कान देऊन ऐकत होत्या. मी मात्र घामाघूम. आयुष्यात पहिल्यांदा मी नाकाने कष्ट करत होतो.

मिरचीची पाळी शेवटी. अक्का म्हणाली, मिरची आधी गोड वास देते. जरासा, पिकलेल्या बोरासारखा. तो येऊन जातो, मग ठसका. गोड आला की काढायची, ठसक्याची वाट बघितली तर मसाला गेला. पहिल्या घाण्याला मी गोड वासाची वाट बघत राहिलो आणि सरळ ठसक्यातच सापडलो. मी, नंदुरबारचा, आपल्याच अंगणात, डोळे पुसत खोकतोय. धाकटा भाऊ म्हणाला, "पाव्हना उना." अक्का हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. तो घाणा फेकून दिला आणि दुसरा टाकला, आणि या खेपेला मला तो गोड वास सापडला. इतका थोडा वेळ, की सांगेपर्यंत गेला. पण "काढ" त्याच्या आत आलं, कारण ती कढईकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

दुपारची गाडी गेली. धाकट्या भावाने मसाला डंकावर कांडून आणला आणि संध्याकाळी बायकोने वांग्याचा रस्सा केला, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सगळ्यांनी एक घास घेतला. आईच्या हातचा लागला, असं कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती, धाकट्या भावाचे डोळे भरले होते आणि ते तिखटामुळे आहेत असं तो सांगत होता. अक्का ताटाकडे बघत बसली होती. मग तिने मला विचारलं, "कसं शे? सांग."

मी सांगू लागलो. आधी खोबरं लागतं, मग जिभेच्या कडेला मिरची, मग मागून धने. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता भाकरी मोडत होती. मी थांबलो की तीही थांबायची, म्हणून मी थांबलो नाही. तोंडाला येईल ते सांगत राहिलो. तिने पूर्ण भाकरी खाल्ली. बायकोने न विचारता अर्धी आणखी वाढली, तीही खाल्ली. एवढं बोलत जेवल्याने माझं जेवण मात्र गार झालं.

दोन दिवसांनी तिला गाडीत बसवायला निघालो. पायीच. तिच्या पिशवीत तिच्या वाटणीचा मसाला, फडक्यात बांधलेला. सुनेला ती आता शेजारी बसवून शिकवणार होती, नाक सुनेचं आणि सांगणं हिचं. मला त्या सुनेची थोडी काळजी वाटली.

जुन्या गावाच्या तोंडाशी अक्का थांबली. पदर डोळ्यांवर ओढला आणि माझा कोपर धरला.

"चाल. सांगत जाय."

रस्त्यावर लोक बघत होते. बघू देत. मी नाक वर करून चालू लागलो. रबराचा वास, म्हणालो, नवीन चपलांचा. "दोरवालानं दुकान," ती म्हणाली. पुढे अगरबत्ती. तिने देवळाचं वळण सांगितलं. मग काहीच वास नाही, नुसती धूळ. "तेलघाणी," ती म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही. आमच्या दोघांत मिळून एक नाक होतं, आणि त्याला आजचं गाव येत होतं आणि आबांचंही.

स्टेशनाचा रस्ता लागला आणि मी म्हणालो, "जिलेबी."

ती थांबली. "खरंच? का नेहमीसारखं?"

"खरंच," मी म्हणालो. "आंबूस शे. पाकमा वेलदोडा शे. आते कढईमातून काढी."

तिने पदर वर केला. जिलेबीवाला खरोखरच नवा घाणा काढत होता. आम्ही उभ्यानेच घेतली, कागदावर, गरम. तिने एक तुकडा तोंडात टाकला, हळूहळू चावला, आणि मी वाट बघत उभा राहिलो. यावेळी काही विचारलं नाही.

"साखर तं गोड लागेच," अक्का म्हणाली. "आज जिलेबी लागनी."

गाडीची वेळ झाली होती. तिने कागद आपल्याकडे ओढला आणि दुसरी उचलली. मला एकही ठेवली नाही.